तेरेझीनची चित्रं, गाणी आणि नावं: होलोकॉस्टच्या स्मरणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमधले शिक्षक, हौशी नाट्यमंडळी आणि वाचक गट होलोकॉस्टवर, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावर, एखादा कार्यक्रम करायचं ठरवतात, तेव्हा तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची वाट शेवटी चेक प्रजासत्ताकातल्या एका छोट्या गावाकडे वळते. म्हणून उत्तरंही त्या गावाभोवतीच ठेवली आहेत.

तेरेझीन म्हणजे नेमकं काय?

प्रागच्या उत्तरेला साधारण ६० किलोमीटरवर असलेलं तटबंदीचं गाव. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने १७८० मध्ये ते बांधायला घेतलं आणि आई मारिया थेरेसाचं नाव त्याला दिलं. जर्मन भाषेत हेच थेरेझिएनश्टाट. नोव्हेंबर १९४१ मध्ये नाझींनी तिथे ज्यूंना आणून कोंडायला सुरुवात केली. काही हजार माणसांसाठी बांधलेल्या गावात एका वेळी पन्नास हजारांहून अधिक माणसं राहिली. तिथे एकूण सुमारे १ लाख ४० हजार ज्यू आणले गेले. त्यांतले ३३ हजारांच्या वर भूक, रोगराई आणि हालअपेष्टांनी तिथेच मेले. सुमारे ८७ हजार जणांना पुढे पूर्वेकडे, बहुतेकांना आउश्वित्झच्या मृत्यूछावणीत पाठवलं गेलं, आणि त्यांतले फार थोडे परतले.

तेरेझीनमध्ये विषारी वायूच्या कोठड्या चालल्या नाहीत. ते वाटेतलं ठाणं होतं, आणि जगाला दाखवायचा मुखवटाही. हे दोन्ही लक्षात ठेवलं नाही तर तिथल्या कलेबद्दल बोलताना घोटाळा होतो.

छावणीत चित्रं, गाणी, नाटकं? नाझींनी हे कसं चालू दिलं?

सुरुवातीला चालू दिलंच नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात माळ्यांवर आणि तळघरांत लपूनछपून गाणी झाली. पुढे अधिकाऱ्यांना त्यात स्वतःचा फायदा दिसला: कैदी शांत राहतात आणि बाहेरच्यांना दाखवायला काहीतरी मिळतं. २३ जून १९४४ ला आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचा प्रतिनिधी आणि दोन डॅनिश अधिकारी पाहणीला आले. त्याआधी घरांना रंग लावला, फुलझाडं लावली, दुकानांच्या खिडक्या सजवल्या. गर्दी कमी दिसावी म्हणून मे महिन्यातच सुमारे साडेसात हजार लोकांना आउश्वित्झला धाडलं. पाहुण्यांना ठरलेल्या रस्त्याने फिरवलं आणि त्यांनी ठरलेलंच पाहिलं. त्यानंतर प्रचारासाठी एक चित्रपटही काढला. तो दिग्दर्शित करायला लावलेला कैदी, जर्मनीतला नावाजलेला नट कुर्ट गेरोन, त्याच शरद ऋतूत आउश्वित्झला मारला गेला.

म्हणजे एकच मैफल दोघांसाठी होती. नाझींसाठी ती देखावा होती. गाणाऱ्यांसाठी दिवसभरातला असा एकच तास, ज्यात ते स्वतःच्या नावाने ओळखले जात. कार्यक्रमात यातली एकच बाजू सांगितली तर ते अर्धसत्य ठरेल.

मुलांची ती प्रसिद्ध चित्रं कुणी काढून घेतली?

फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांनी. हे नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक कलाशिक्षकाला माहीत असायला हवं.

त्या १८९८ मध्ये व्हिएन्नात जन्मल्या, वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत शिकल्या, आणि चित्रं, कापडं, फर्निचर, रंगमंचाची नेपथ्यं असं सगळं त्यांनी केलं. डिसेंबर १९४२ मध्ये नवऱ्यासह त्यांना तेरेझीनला नेलं. माणशी पन्नास किलो सामान नेता येत होतं. त्यांनी त्यात चित्रकलेचं साहित्य भरलं. तिथे मुलींच्या वसतिगृहात आणि इतरत्र त्यांनी वर्ग घेतले. कागद संपला की कचेरीतले वापरलेले फॉर्म, पुड्यांचे कागद, जुन्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजू. रंग नसले की रंगीत कागद फाडून केलेलं चिकटकाम. आधी हात मोकळा व्हावा म्हणून त्या लयीत रेघा मारायला लावत, टाळीच्या ठेक्यावर ब्रश फिरवायला लावत. जुन्या उस्तादांच्या चित्रांतली रचना ओळखायला शिकवत.

मुलांनी काय काढलं? बहुतेक चित्रांत फुलं, घरं, दिवा लावलेलं जेवणाचं टेबल, समुद्र, बाग. काहींत तीन मजली फळ्यांचे बिछाने आणि पहारेकरी. फ्रीडलबाईंचा एक आग्रह होता: चित्रावर स्वतःचं नाव घालायचं. छावणीत माणसाचा आकडा झाला होता. इथे आठ वर्षांची मुलगी कागदाच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहीत होती. आज त्या सह्यांमुळेच आपल्याला कळतं की कुठलं चित्र कुणाचं, ती मुलं कुठे गेली, कोण परत आलं. बहुतेक आली नाहीत.

सप्टेंबर १९४४ च्या शेवटी नवऱ्याला पूर्वेकडे पाठवल्यावर फ्रीडलबाईंनी पुढच्या गाडीसाठी आपण होऊन नाव दिलं. ६ ऑक्टोबरला त्या निघाल्या आणि आउश्वित्झ-बिर्केनाउमध्ये मारल्या गेल्या. नवरा वाचला. जाण्याआधी त्यांनी दोन सूटकेसमध्ये सुमारे साडेचार हजार चित्रं ठेवली होती. १९४५ च्या उन्हाळ्यात मुलींच्या वसतिगृहाचे प्रमुख विली ग्रोआग यांनी ती प्रागच्या ज्यू समाजाकडे पोचवली. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत.

तेरेझीनमधली फुलपाखराची ती कविता एका लहान मुलाने लिहिली होती ना?

नाही. ती लिहिणारा पावेल फ्रीडमान तेव्हा एकवीस वर्षांचा तरुण होता. कवितेवर ४ जून १९४२ ही तारीख आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये तो आउश्वित्झला मारला गेला. निवेदनात ‘चिमुकल्या हातांनी लिहिलेली’ असं म्हणू नका. करुणा वाढवण्यासाठी वय कमी करणं हाही त्या माणसावर अन्यायच आहे.

‘वेदेम’ काय होतं? त्याचा आणि कल्पना चावलाचा संबंध कसा?

‘वेदेम’ म्हणजे चेकमध्ये ‘आम्ही पुढे नेतो’. मुलांच्या एका वसतिगृहातल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरांनी हाताने लिहिलेलं हे साप्ताहिक. प्रत एकच निघायची आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळे जमून ती मोठ्याने वाचायचे. कविता, छावणीतल्या ठिकाणांच्या ‘बातम्या’, वाद, थट्टा, सगळं त्यात असे. आठशेच्या आसपास पानं टिकली. वाचलेल्या एका मुलाने ती लोहाराच्या कामाच्या जागेत लपवून ठेवली होती. आपल्याकडच्या शाळांमधल्या हस्तलिखितांची परंपरा ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ते साप्ताहिक पाहताना घशात आवंढा येतो. संपादकाच्या तक्रारी त्याच, मित्र वेळेवर मजकूर देत नाहीत ही कुरकुरही तीच.

संपादक होता पेत्र गिन्झ, जन्म १ फेब्रुवारी १९२८. त्याने एक चित्र काढलं होतं: चंद्रावरच्या टोकदार डोंगरांतून दिसणारी पृथ्वी. सोळाव्या वर्षी तो आउश्वित्झला मारला गेला. २००३ मध्ये इस्रायलचे अंतराळवीर इलान रामोन, ज्यांची आई आउश्वित्झमधून वाचली होती, त्यांनी या चित्राची प्रत कोलंबिया यानातून सोबत नेली. परतताना १ फेब्रुवारीला, म्हणजे पेत्रच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, यान आकाशातच फुटलं. त्याच यानात आपली कल्पना चावला होती. तो दिवस आपल्याकडच्या ज्यांना आठवतो, त्यांना पेत्रची गोष्ट सांगायला वेगळी प्रस्तावना लागत नाही.

‘ब्रुंडिबार’ हे बालसंगीतक आमच्या शाळेत बसवता येईल का? ते योग्य ठरेल का?

येईल, आणि ठरेलही. ते छावणीबद्दल नाहीच. हान्स क्रासा यांचं संगीत आणि अडॉल्फ हॉफमाइस्टर यांचे शब्द असलेलं हे काम १९३८ मध्ये लिहिलं गेलं. आई आजारी आहे, दूध आणायला पैसे नाहीत, म्हणून बहीण-भाऊ बाजारात गाऊ पाहतात. हातपेटी वाजवणारा ब्रुंडिबार त्यांना हाकलतो. मग चिमणी, मांजर, कुत्रा आणि गल्लीतली सगळी पोरं एक होतात. पहिला प्रयोग प्रागमधल्या ज्यू अनाथाश्रमात झाला, तोपर्यंत क्रासांना तेरेझीनला नेलंही होतं. पुढे अनाथाश्रमातली मुलंही तिथेच पोचली. क्रासांनी हाताशी असलेल्या वाद्यांसाठी संगीत पुन्हा लिहून काढलं, आणि २३ सप्टेंबर १९४३ पासून पंचावन्न प्रयोग झाले. गाडी गेली की नटसंचातली मुलं कमी व्हायची, रिकाम्या जागी दुसरी यायची. प्रेक्षकांना ब्रुंडिबार कोण ते सांगावं लागत नव्हतं.

बसवताना दोन गोष्टी पाळा. संगीताचे हक्क प्रकाशकाकडून रीतसर घ्या. आणि मुलांना पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालू नका, छातीवर पिवळा तारा लावू नका. त्या मुलांना त्या तासाभरात फक्त बाजारातली पोरं व्हायचं होतं. तुमच्या मुलांनीही तेवढंच व्हावं. इतिहास प्रयोगाआधी किंवा नंतर निवेदकाने सांगावा.

ज्यू कैद्यांनी कॅथलिक प्रार्थनासंगीत का गायलं?

हा प्रश्न तेव्हा छावणीतल्या काही वडीलधाऱ्यांनीही विचारला होता. संगीत दिग्दर्शक राफाएल शेख्टर यांनी व्हर्डीचं ‘रेक्विएम’ बसवलं. स्वरलिपीची प्रत एकच. दीडशे जणांनी ते लॅटिन शब्द कानाने, ओळीमागून ओळ घोकून पाठ केले. आपल्याकडे बंदिश समोर बसून घेतात, जवळपास तसंच. साथीला पियानो. सप्टेंबर १९४३ मधल्या पहिल्या प्रयोगानंतर अनेक गायकांना पूर्वेकडे पाठवलं गेलं. शेख्टर यांनी पुन्हा माणसं गोळा केली. पुन्हा गाडी आली, पुन्हा गोळा केली. शेवटचा प्रयोग रेड क्रॉसच्या भेटीच्या वेळी झाला, समोर जर्मन अधिकारीही होते. त्या संगीतात कयामतीच्या दिवसाचा, न्यायाच्या क्रोधाचा भाग आहे. तो कुणाच्या तोंडावर म्हटला जातोय, हे गाणाऱ्यांना ठाऊक होतं.

मग ‘कलेने त्यांना तारलं’ असं म्हणायचं का?

म्हणू नका. क्रासा, व्हिक्टर उल्मान, पावेल हास, तिघे ऑक्टोबर १९४४ च्या गाड्यांमधून गेले आणि आउश्वित्झला मारले गेले. गिडेऑन क्लाइन हा पियानोवादक संगीतकार जानेवारी १९४५ मध्ये दुसऱ्या छावणीत मेला, पंचवीस वर्षांचा. शेख्टरही परतले नाहीत. उल्मान यांनी तेरेझीनमध्ये लिहिलेल्या संगीतकात मृत्यू हुकूमशहाची चाकरी करायला नकार देतो. त्याच्या तालमी झाल्या, प्रयोग झाला नाही; पहिला प्रयोग अॅमस्टरडॅममध्ये १९७५ ला झाला. तेरेझीनबद्दल उल्मान यांनी लिहून ठेवलंय की आम्ही (बायबलमधल्या परागंदा ज्यूंसारखे) बॅबिलॉनच्या नदीकाठी नुसते रडत बसलो नव्हतो, जगण्याची ओढ आणि कलेची ओढ सारखीच होती. ते वाचलं की आपलं ‘तारलं’ हे वाक्य किती स्वस्त आहे ते कळतं.

चित्रकारांची हकिकत याहून कठोर आहे. बेद्रिख फ्रिटा, लेओ हास, ओटो उंगार, फर्डिनांड ब्लोख हे छावणीच्या आराखडे-कचेरीत सरकारी तक्ते आणि नकाशे काढत. रात्री त्याच शाईने खरं तेरेझीन काढत: प्रेतांच्या गाड्या, आंधळे म्हातारे, सूपाच्या रांगा. जुलै १९४४ मध्ये हे उघडकीला आलं. त्यांना कुटुंबांसह जवळच्या छोट्या किल्ल्यात, गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, तुरुंगात टाकलं. ब्लोख यांना तिथेच मारलं. उंगार यांचा हात जायबंदी केला. फ्रिटा आउश्वित्झमध्ये मेले. पण पकडले जाण्याआधी त्यांनी चित्रं पत्र्याच्या पेटीत घालून जमिनीत पुरली होती, हास यांनी आपली भिंतीत चिणली होती. युद्ध संपल्यावर हास परत आले आणि त्यांनी ती काढली. फ्रिटांचा लहानगा मुलगा टोमाश किल्ल्यातूनही जिवंत राहिला होता. हास दांपत्याने त्याला दत्तक घेतलं. टोमाशच्या तिसऱ्या वाढदिवसाला, जानेवारी १९४४ मध्ये, वडिलांनी त्याच्यासाठी चित्रांची एक वही केली होती. तीही मिळाली. त्यात केक आहे, आगगाडी आहे, मोठं झाल्यावर काय होशील याची चित्रं आहेत.

युरोपात सार्वजनिक ठिकाणी हे स्मरण कसं केलं जातं?

प्रागचं पिंकास सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पाहा. १९५० च्या दशकात यिर्झी जॉन आणि व्हाट्सलाव बोश्टिक या चित्रकारांनी त्याच्या भिंतींवर बोहेमिया-मोरावियातल्या (आजच्या चेक प्रदेशातल्या) सुमारे ७८ हजार बळींची नावं हाताने लिहिली. गावानुसार, आडनावानुसार, जन्मतारखेसह. १९६८ नंतर ओल येत असल्याच्या कारणाने इमारत बंद झाली, नावं गेली, आणि कम्युनिस्ट राजवट पडेपर्यंत काही झालं नाही. १९९० च्या दशकात ती सगळी नावं पुन्हा लिहिली. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या मुलांची चित्रं लावली आहेत.

दुसरा प्रकार रस्त्यावरचा. जर्मन कलाकार गुंटर डेमनिग १९९० च्या दशकापासून, बळी गेलेला माणूस ज्या घरात शेवटचा स्वेच्छेने राहिला त्या घरासमोरच्या पदपथावर दहा सेंटिमीटर चौरस पितळी दगड बसवतात. ‘इथे राहत होते’, मग नाव, जन्मसाल, पुढे काय झालं ते. २०२३ मध्ये असे दगड एक लाखावर गेले. वाचायला खाली वाकावं लागतं.

याचा महाराष्ट्राशी काही खरा संबंध आहे का?

आहे, पण तो ओढूनताणून मोठा करू नये. आपले बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले ‘शनिवार तेली’, होलोकॉस्टच्या तडाख्यात सापडले नाहीत. त्यांचा इतिहास वेगळा: पूर्वज जिथे उतरल्याचं सांगतात तो अलिबागजवळ नवगावचा किनारा, मुंबईत १७९६ मध्ये उभं राहिलेलं ‘शाआर हारहमीम’ सिनेगॉग, एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने होणारा गोड पोह्यांचा मलिदा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी साकी-दिंडीत बांधलेली मराठी कीर्तनंही रचली, आख्यान मोशेचं किंवा योसेफाचं, ढंग अस्सल मराठी. कार्यक्रमात यातलं काही जरूर घ्या, कारण ज्यू संस्कृती म्हणजे फक्त मरण नव्हे. मात्र ‘आपले ज्यू आणि त्यांचं दुःख’ अशी सरमिसळ करू नका.

थेट धागा मुंबईत येऊन राहिलेल्या निर्वासितांचा. कार्ल्सबादमध्ये जन्मलेले, प्रागमध्ये शिकलेले ज्यू संगीतकार वॉल्टर काउफमन १९३४ मध्ये मुंबईला आले आणि पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. पहाटे रेडिओ लावला की तानपुऱ्यावर येणारी ती ओळखधून त्यांचीच मानली जाते. तेरेझीनमधल्या संगीतकारांच्याच पिढीचा, त्याच शहरात शिकलेला माणूस आपल्या आजी-आजोबांच्या सकाळी वाजत होता. रूडी फॉन लायडन, एमॅन्युएल श्लेसिंगर यांच्यासारख्या निर्वासितांनी मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह गटातल्या (हुसेन, रझा, सूझा वगैरे) चित्रकारांना सुरुवातीच्या काळात पाठबळ दिलं.

आणि कोल्हापूरचं वळीवडे?

त्या छावणीत १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. कोल्हापूरकरांनी त्यांना जो जिव्हाळा दिला तो सांगावा तेवढा थोडाच. पण ते बहुतांशी कॅथलिक होते आणि सोव्हिएत हद्दपारीतून सुटून आले होते. त्यांची गोष्ट होलोकॉस्टच्या कार्यक्रमात घुसडू नका. तिच्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवा.

भारतीय कलाकृती कुठे आली का त्या काळात?

वॉर्सा घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या तिथल्या वस्तीत. डॉ. यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी १८ जुलै १९४२ ला रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ केलं. आजारी अमल खिडकीत बसून बाहेरचं जग बघतो, राजाच्या पत्राची वाट पाहतो आणि शांत झोपी जातो. तीन आठवड्यांच्या आत कोर्चाक आणि सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत नेऊन मारलं. मराठीत अभिवाचनासाठी याहून योग्य संहिता मला तरी माहीत नाही.

‘हिटलर निदान शिस्तीचा तरी होता’ असं प्रेक्षकांतून कुणी म्हटलं तर?

म्हणतात. आपल्याकडे पदपथावरच्या पुस्तकांच्या ढिगात त्याचं आत्मचरित्र असतं, आणि अनेक चांगल्या घरांत ते ‘प्रेरणादायी’ म्हणून वाचलं जातं. चिडून उत्तर देऊ नका. साठ लाख ज्यू मारले गेले, त्यात सुमारे पंधरा लाख मुलं होती, हे सांगा. मग सांगा की तेरेझीनहून सुटणाऱ्या गाड्यांच्या याद्याही अतिशय शिस्तीत टंकलिखित केलेल्या होत्या. त्यानंतर मुलांचं एखादं चित्र पडद्यावर दाखवा, कोपऱ्यातल्या सहीसकट.

कार्यक्रम कधी ठेवावा? कुठल्या वयापासून?

२७ जानेवारी हा आउश्वित्झ मुक्त झाल्याचा दिवस. संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये तो स्मरणदिन ठरवला. ज्यू पंचांगातला योम हाशोआ, म्हणजे होलोकॉस्टचा स्मरणदिन, निसान महिन्याच्या २७ तारखेला, साधारण एप्रिलमध्ये येतो. आपल्याकडे जानेवारी सोयीचा, शाळा चालू असतात. सहावी-सातवीपासून चित्रं आणि ‘वेदेम’ दाखवायला हरकत नाही. प्रेतांचे फोटो त्या वयात नकोत. गॅस चेंबरचा प्रसंग कुठल्याच वयात मुलांकडून अभिनित करून घेऊ नये.

स्थानिक सिनेगॉगमधल्या लोकांना बोलवायचं असेल तर शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार टाळा. कदिश ही मृतांसाठी म्हटली जाणारी प्रार्थना हौसेने आपण म्हणू नये. म्हणायची तर त्यांना विनंती करावी.

शेवटी नावं वाचायची आहेत, पण उच्चार चुकतील अशी भीती वाटते.

चुकले तरी वाचा. आदल्या दिवशी दोनदा मोठ्याने म्हणून बघा, दोन नावांमध्ये एक श्वास जाऊ द्या, आणि वय नावासोबतच सांगा. सुरुवात अशी करता येईल: पेत्र गिन्झ, सोळा. पावेल फ्रीडमान, तेवीस. गिडेऑन क्लाइन, पंचवीस. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस, सेहेचाळीस.